पान ६३

हरभऱ्याला पाणी द्यायची लाईन या आठवड्यात रात्रीची आहे. दहाला मोटार सुरू करायची, दांड फिरवायचा, आणि मधल्या वेळात रानडुकरांना हाकारे देत बसायचं नाहीतर पुस्तक वाचायचं. मी दोन्ही करतो. डोक्याला बॅटरी बांधली की रहस्यकथेसारखी सोबत नाही. ज्या कादंबरीनं रात्री अडीचला धुऱ्यावर डोळा लागू दिला, ती नापास. माझी पहिली चाळणी ही.

पुस्तकं गावच्या वाचनालयातली. संध्याकाळी दोन तास काकाजी ते उघडून बसतात. घर सुताराचं, त्यामुळे हाती रंधा राहिला नसला तरी कानावर पेन्सिल असतेच.

"नवीन काई आलं काय, काकाजी?"

"आलं ना. दोन खून हायेत याच्यात."

काकाजी पुस्तकाचं मोल असं सांगतात.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वडिलांच्या पिढीनं त्या शाळेच्या पुस्तकात लपवून वाचल्या. आताचे डिटेक्टिव्ह वेषांतर करत नाहीत, लॅपटॉप उघडतात. मोबाइलचं लोकेशन निघालं की पोलीस थेट खोलीच्या दारात! आमच्याकडे एका टॉवरखाली तीन गावं आणि मधलं सगळं शिवार येतं. नुसत्या टॉवरवरून कोण कोणाच्या वावरात आहे हे कळत असतं, तर माझ्या मोटारीची केबल नेणारा कधीचाच सापडला असता.

मागच्या महिन्यात एका कादंबरीत खलनायकानं कपाशीवर मारायचं औषध चहात घातलं, आणि पाटलांनी तो चहा बशीत ओतून मिटक्या मारत घेतला. लेखकानं फवारणीचा पंप कधी पाठीवर घेतला नसावा. दोनदा आंघोळ केली तरी जो वास अंगातून जात नाही, तो पाटलांना नाकाखालच्या बशीत आला नाही? पुस्तक तिथंच मिटलं.

रोनाल्ड नॉक्स नावाचा एक इंग्लिश पाद्री स्वतः रहस्यकथा लिहायचा. त्यानं १९२९ साली या धंद्याचे दहा नियम सांगून ठेवलेत. पहिलाच असा, की गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच कुठंतरी येऊन गेलेला हवा. जुळ्या भावांबद्दलही त्यानं बजावलंय, की वाचकाला आधी चाहूल दिल्याशिवाय ते आणू नयेत. आपल्याकडे मात्र २८० पानं झाली की नागपूरहून बसनं जुळा भाऊ उतरतो. मला फसवू नका असं माझं म्हणणंच नाही. फसायलाच तर वाचतो. पण कापूस मोजताना काटा कास्तकाराच्या डोळ्यांसमोर पाहिजे. तो समोर ठेवूनही वजनात मारलं, तर मानलं तुम्हाला. गोणीमागं नेऊन मोजाल, तर मग ती नुसती चोरी.

परवाच्या पुस्तकात काटा समोर होता. पण पान ६३ वर मेहुण्याचं नाव आलं, आणि त्याखाली जाड शिसाची रेघ. कडेला लिहिलेलं, 'हाच.' असा संताप आला म्हणता! पुढची दोनशे पानं मी त्या मेहुण्यावर डोळा ठेवून काढली. तो जेवला तरी संशय, शिंकला तरी संशय. आणि खुनी निघाला कंपाउंडर! बारा नंबरच्या पानावर त्यानं मेलेल्याचा चष्मा उचलून, पुसून, घरच्यांच्या हाती दिला होता. एवढी एकच ओळ. मी मागं जाऊन ती तीनदा वाचली. तोवर दांड फुटून पाणी शेजाऱ्याच्या तुरीत शिरलं होतं. एखाद्या कादंबरीला यापेक्षा मोठं बक्षीस मी देऊ शकत नाही. शेजाऱ्यानं सकाळी मला जे दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटच्या पानाखाली तेच जाड अक्षर होतं. 'फसलो गड्या.'

कोण हा गडी, बघायलाच पाहिजे म्हणून संध्याकाळी वाचनालयात गेलो. रजिस्टर उघडायला लावलं. पुस्तकापुढं एकच नाव, माझं.

"माझ्याआधी कोणीच नाही नेलं?"

"पयला तूच."

मी पान ६३ उघडून त्यांच्यापुढं धरलं. काकाजींनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं. मग कानावरची पेन्सिल हळूच काढून खणात टाकली.

"दुसरं देऊ काय?" म्हणाले. "याच्यात तीन हायेत."