वेबकॅम, नोंद चौथी: सिंहगड रद्द, दुधाची पिशवी पक्की

मागच्या नोंदीत चुकीच्या रिबन केबलचं रडगाणं गाऊन झालंय. रासबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या चिमुकल्या संगणकाच्या बाजूला २२ पिना लागतात, कॅमेऱ्याच्या बाजूला १५. दोन्हीकडे १५ वाली घेऊ नका, एवढंच. योग्य केबल आली, कॅमेरा मॉड्यूल ३ चालू झाला, आणि मग प्रश्न पडला की आता बघायचं काय?

पहिला मान अर्थात सिंहगडाला. आमच्या गच्चीतून गड छान दिसतो, पण डोळ्यांना. ही लेन्स आडवी ६६ अंश बघते; १२८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एका अंशाला जेमतेम १९ पिक्सेल येतात. गड पंधराएक किलोमीटरवर, म्हणजे अख्खा डोंगर पन्नासेक पिक्सेल उंच आणि वरचा टॉवर म्हणजे काचेवरचा कचरा. त्यात हिवाळ्यात दुपारनंतर ऊन थेट लेन्समध्ये. तीन दिवसांच्या टाइमलॅप्समध्ये प्रमुख भूमिका शेजारच्या इमारतीवरच्या काळ्या टाकीने केली आहे.

मग रस्ता. समोरच्या वहिनींची गॅलरी चौकटीत येते म्हटल्यावर दहा मिनिटांत काढला.

केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेतला कॉफीच्या भांड्यावरचा कॅमेरा आठवला. १९९१ मध्ये तो लावला, १९९३ मध्ये वेबवर आला आणि २००१ मध्ये बंद झाला. कृष्णधवल चित्र, १२८ बाय १२८. दृश्य सुंदर म्हणून नव्हे, तर जिने तुडवून गेल्यावर भांडं रिकामं निघायचं म्हणून!

आमच्याकडेही जिने आहेत. दूध खाली फाटकाला लावलेल्या कापडी पिशवीत येतं. गुडघे धरत आई उतरते, पिशवी रिकामी, परत वर. उशीर केला तर मांजर आतली दुधाची पिशवी फोडतं. त्याला वेळापत्रक आमच्यापेक्षा पाठ आहे.

म्हणून कॅमेरा जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत. फाटक सहा मीटरवर. पहिल्या दिवशी ऑटोफोकसने डासांच्या जाळीचा एकेक धागा सुरेख टिपला, फाटक मात्र धुकं. फोकस मॅन्युअल केला. लेन्स-पोझिशन, म्हणजे फोकस किती अंतरावर ते सांगणारा आकडा, डायॉप्टरमध्ये (१ भागिले मीटरमधलं अंतर) असते, सहा मीटरला १ भागिले ६, म्हणजे ०.१७ दिलं. जाळी विरून गेली, पिशवीचा हूक दिसला. पूर्ण ४६०८ पिक्सेलच्या चित्रात पिशवी दीडेकशे पिक्सेल भरते. तेवढाच चौकोन कापून ठेवतो. रस्ता, येणारे-जाणारे, सगळे आपोआप बाहेर.

दूधवाल्या काकांना आधी सांगितलं. "माझ्यावर नजर का?" म्हणाले. मोबाइलवर चौकोन दाखवला, त्यात त्यांचं फक्त मनगट येतं. "मग ठीक," म्हणाले आणि घड्याळ सरळ केलं.

परवा सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी पिशवी फुगलेली दिसली. आईला फोन दिला. चष्मा लावून तिने नीट पाहिलं. "गाईचं दिलंय का म्हशीचं, ते कळत नाही ना यात?"

सध्याची अडचण दिव्याची. फाटकावरचा बल्ब खालचे काका साडेपाचला बंद करतात आणि सूर्य सातपर्यंत उगवत नाही, त्यामुळे मधल्या चित्रांत खूप रवाळ खरखर. एक्स्पोजर, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश टिपण्याचा वेळ, दोन सेकंदांवर नेलंय. पिशवी वाऱ्याने हलली की रिकामीही भरलेली वाटते. काल आई एकदा फुकट उतरलीच.