रॅम्पवर आवाज एकाचाच

आमच्या घरात बोट नवरा चालवतो, पण ती पाण्यात सोडायचं आणि पाण्यातून काढायचं काम माझं. मिनेसोटात मे उजाडला की ओळखीच्या मराठी घरांतून विचारणा सुरू होते, "यंदा आम्हालाही न्या की तळ्यावर." या ना, आनंदाने या. फक्त होतं काय, मंडळी थेट रॅम्पवर येऊन थडकतात. हातात कूलर, चटई, वड्यांचा डबा आणि प्रत्येकाच्या तोंडी एकेक सूचना. "डावीकडे घ्या! अजून मागे! अहो, थांबा थांबा!" कुणाची डावी, गाडीची, तिच्यामागे जोडलेल्या बोटीच्या ट्रेलरची की सांगणाऱ्याची, याचा पत्ता कुणालाच नाही. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवते आहे.

रॅम्प म्हणजे तळ्यात उतरत जाणारा काँक्रीटचा रस्ता. १०० फुटांत १२ ते १५ फूट खाली जाईल, इतका उतार साधारणपणे ठेवतात. त्याहून सपाट असला तर बोट तरंगेपर्यंत गाडीच पाण्यात जाते आणि फार उभा असला तर ओली बोट ओढत वर येताना चाकं जागच्या जागी फिरतात. पाण्याच्या काठाशी हिरवं शेवाळ धरलेलं असतं. गुळगुळीत चपलेचा पाय त्यावर पडला की माणूस खाली बसलाच. आमची बोट १७ फुटी, ॲल्युमिनियमची, मागे ९० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. ट्रेलर, पेट्रोल, सामान सगळं धरून वजन ३,००० पौंडांच्या आत राहतं. इथे ३,००० पौंड भरले की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावावे लागतात. आमच्याला ते नाहीत, त्यामुळे उतारावर सगळा भार माझ्या गाडीच्या ब्रेकवर.

माझं ठाम मत आहे की रॅम्पवर करायचं काम अगदी थोडं असतं, बाकीचं सगळं पार्किंगमध्ये उरकायचं. बऱ्याच ठिकाणी रॅम्पच्या अलीकडे तयारीसाठी मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे गाडी उभी करायची आणि एकेक गोष्ट हातावेगळी करायची. सामान बोटीत. लाइफ जॅकेटं अंगात. बोटीच्या मागच्या कडेला तिला ट्रेलरशी आवळणारे दोन पट्टे असतात, ते सोडायचे. ते तसेच राहिले तर ट्रेलर पाण्यात बुडतो, बोट त्याला बांधलेली राहते आणि मागून पाणी आत येऊ लागतं. पुढचा विंचचा (हँडल फिरवून बोट ट्रेलरवर ओढायच्या चक्राचा) पट्टा आणि त्याच्या जोडीची साखळी मात्र इथे सोडायची नाही. दिव्यांची वायर गाडीपासून काढून ठेवायची. इंजिन वर उचललेलंच असू द्यायचं, नाहीतर उतारावर त्याचं टोक काँक्रीटला घासतं. एक दोरी पुढे, एक मागे.

आणि बूच. बोटीच्या बुडाशी, मागच्या बाजूला, पाणी काढून टाकायला एक भोक असतं. एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून मिनेसोटात रस्त्यावरून बोट नेताना ते बूच काढलेलंच असावं लागतं, तसा कायदाच आहे. म्हणजे इथली प्रत्येक बोट रॅम्पवर येते तीच बुडाला भोक घेऊन. लोक बोट पाण्यात सोडतात, डॉकला म्हणजे रॅम्पशेजारच्या धक्क्याला बांधतात, गाडी लावायला जातात आणि परत येऊन बघतात तर बोटीचं बूड खाली बसत चाललेलं. आमचं बूच प्रवासात गियरच्या दांड्याला अडकवलेलं असतं. गाडी रिव्हर्समध्ये टाकायची तर ते हाताला लागतंच. बूच लावायचं काम लेकीचं. ती लावते, मोठ्याने सांगते, मग मी जाऊन पुन्हा पिळून बघते. "आई, विश्वास नाही का माझ्यावर?" विश्वास आहे गं बाई, पण पिळून बघणार.

या तयारीला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ चाकांनाही हवा असतो. हायवेवरून आलेल्या ट्रेलरच्या चाकांचे हब तापलेले असतात. ते तसेच थंडगार पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरं होतं आणि मग कधीतरी परतीच्या रस्त्यावर चाक आवाज करायला लागतं. हबला हाताची मागची बाजू लावून बघायची. चटका बसत असेल तर थांबायचं. मागची गाडी हॉर्न वाजवत असेल तर तिला पुढे जाऊ द्यायचं. मेमोरियल डे (मेचा शेवटचा सोमवार) ज्या शनिवार-रविवारला जोडून येतो, त्याच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी इथे वॉलाय माशाचा हंगाम उघडतो. त्या दिवशी पहाटे रॅम्पवर जी रांग लागते, ती बघून भल्याभल्यांचे हात थरथरतात. आम्ही त्या शनिवारी घरी असतो.

आता रिव्हर्स. आबा शिरोळ तालुक्यातले, ट्रॅक्टरने कारखान्याला ऊस घालणारे. एका जूनमध्ये ते इकडे आले, तेव्हा मी त्यांना ग्रेज बेच्या रॅम्पवर नेलं होतं. मिनेटोन्का तळ्याचं हे पूर्वेकडचं टोक. इथल्याच बंधाऱ्यातून मिनेहाहा ओढा निघतो आणि मिनिआपोलिस ओलांडून मिसिसिपीला मिळतो. आबांना त्याचं काही नाही. ते डॉकवर हात मागे बांधून उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे तर ट्रॉलीगतच हाय की. पर गाडी पाण्यात कशापायी घालतीस?" मी म्हटलं, गाडी नाही आबा, ट्रेलर तेवढा. खरं तर एक ट्रॉली मागे घ्यायची युक्ती मी त्यांच्याकडूनच शिकले. दोन ट्रॉल्या जोडल्या की मागे घ्यायचा नाद सोडायचा, हेही त्यांचंच.

युक्ती साधी आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे हवं तर हात डावीकडे, उजवीकडे हवं तर उजवीकडे. दोन्ही आरसे बघत राहायचं. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागेल, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं (म्हणजे तळाशी धरलेला हात उलट बाजूला जातो), की तो परत सरळ होतो. आणि फारच वाकडा गेला तर पुढे जाऊन सरळ करून पुन्हा यायचं. वाकडा ट्रेलर मागच्या मागे सरळ करायच्या हट्टात लोक तो गाडीच्या कोपऱ्यावर आदळतात. लांब ट्रेलर सावकाश वळतो, आखूड ट्रेलर क्षणात आडवा होतो. त्यामुळे "छोटा आहे, सोपा जाईल" असं समजून शेजाऱ्याचा जेट-स्कीचा ट्रेलर मागून आणू नका.

उतारावर असताना काचा खाली आणि सीट बेल्ट काढलेला. गाडीत मी एकटी, मुलं नाहीत, आबाही नाहीत. बाहेरून बोलणारा एकच माणूस, तो म्हणजे लेक. ती मला आरशात दिसेल अशी डॉकवर उभी असते. ती दिसेनाशी झाली की मी थांबते. हाताचा तळवा दाखवला की थांबायचं. बाकी कुणी काहीही ओरडलं तरी मी ऐकत नाही आणि त्याचा राग मानू नका.

नवरा बोटीत बसलेला असतो. ट्रेलरच्या मडगार्डचा वरचा काठ पाण्याला टेकला की बोटीचं मागचं टोक उचलल्यासारखं होतं. तिथे मी थांबते, गियर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि पाय ब्रेकवरच. तो इंजिन खाली घेतो, चालू करतो. चालू झालं की मगच पुढे येऊन विंचचा हूक आणि साखळी सोडतो. आधी सोडलं आणि इंजिन रुसलं तर बोट वाऱ्यावर. आमच्या ट्रेलरला गालिचा लावलेल्या फळ्या आहेत, त्यावर बोट घर्षणाने थोडी तरी धरून राहते. ज्यांच्या ट्रेलरला रोलर असतात, त्यांनी तर पाण्याला पोहोचेपर्यंत हुकाला हातही लावू नये. तिकडे हूक सुटला की बोट घरंगळते ती थेट काँक्रीटवर. लेकीच्या हातात पुढची दोरी असते. बोट सुटली की ती डॉकच्या कडेकडेने चालत तिला बाजूला घेते आणि मी लगेच वर. पाण्याशी आमचा एवढाच मुक्काम.

जॅकेटबद्दल वाद नको. मिनेसोटात चालत्या बोटीत दहा वर्षांखालच्या मुलांना ते कायद्यानेच घालावं लागतं, आमच्या बोटीत सगळ्यांना आणि डॉकवर पाय ठेवण्याआधीपासून. इथलं पाणी मे महिन्यातही अंग आखडून टाकतं, पोहता येणाऱ्याचंसुद्धा. आणि २०१९ च्या महापुरात सांगलीजवळ ब्रह्मनाळला बोट उलटून काय झालं, ते आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

उतरवण्यापेक्षा बोट काढणं जास्त अवघड. सगळे दमलेले, उन्हाने तापलेले, आभाळ भरून आलेलं आणि सगळ्यांना एकाच वेळी घरी जायची घाई. त्यात आडवा वारा. ट्रेलर जरा जास्त खोल गेला की बोट त्यावर तरंगत राहते, वारा तिला तिरकी ढकलतो आणि ट्रेलर वर आला की ती एका फळीवर कलून बसते. कमी खोल ठेवला तर विंच फिरवून खांदे भरून येतात. मी आधी फळ्या पूर्ण बुडवून ओल्या करते, मग थोडी वर येते. ट्रेलरच्या मागे दोन उभे पांढरे खांब लावलेत, त्यांच्यामधून नवरा बोट सावकाश आत आणतो. नाक फळ्यांवर टेकलं की हूक लावायचा आणि शेवटचे दोन-तीन फूट हाताने विंच करायचे.

काही जण हे शेवटचे फूट इंजिनच्या जोरावर चढवतात. बघायला रुबाबदार दिसतं, पण पंख्याचं पाणी रॅम्पच्या शेवटच्या काँक्रीटखालची माती उकरून काढतं. तिथे खड्डा होतो आणि पुढच्या कुणाच्या तरी ट्रेलरची चाकं त्यात उतरून अडकतात. मला याचा फार संताप येतो. विंच फिरवताना पट्ट्याच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तो तुटला तर फटका जबर असतो. हँडल अर्धवट सोडून द्यायचं नाही, खिटी बसल्याचा आवाज ऐकायचा. मग साखळी, मग इंजिन वर, मग नवरा खाली आणि गाडी सावकाश पार्किंगमध्ये. मागचे पट्टे आणि दिवे तिथे.

आणि तिथेच बूच काढायचं. मिनेटोन्कात २०१० मध्ये झेब्रा मसल सापडले, बोटाच्या पेराएवढ्या पट्टेदार शिंपल्या. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, तळाशी साठलेल्या वाटीभर पाण्यातूनही प्रवास करतात. ट्रेलरच्या दांड्यांना गुंडाळलेली पाणवेल ओढून काढायची, आमिषाच्या बादलीतलं पाणी गवतावर ओतायचं. रॅम्पवर कधी निरीक्षक असतात, त्यांना बघू द्यायचं, हुज्जत घालायची नाही. दुसऱ्या तळ्यावर जायचं असेल तर बोट किमान ५ दिवस कोरडी ठेवायची असते. त्यामुळे रविवारी मिनेटोन्का आणि बुधवारी वाकोनियाचं तळं असं आमच्याकडे जमणार नाही, मागू नका. ते पाच दिवस बोट ड्राइव्हवेत उन्हात असते, सगळी झाकणं उघडी, दोऱ्या कठड्यावर, जॅकेटं कुंपणावर. समोरच्या आजीबाई दर वेळी विचारतात, बोट विकायला काढली का म्हणून.