प्रभाग रचनेवर हरकत घेतली, माझा अनुभव

आमचं गाव काही वर्षांपूर्वी महापालिकेत आलं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मोठ्या शहराला चिकटलेल्या बऱ्याच गावांची हीच गत आहे. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, कल्याण-डोंबिवलीत २७ गावांचं आत-बाहेर कितीतरी वर्षं चाललं. गाव आत गेलं की ग्रामपंचायत संपते, सरपंच नाही, सदस्य नाहीत, आणि महापालिकेत आपला कोणी निवडून जायचा तर निवडणूक व्हायला हवी, ती तर राज्यभर लांबतच गेली. तोपर्यंत सगळा कारभार प्रशासकाकडे. ड्रेनेज तुंबलं, टँकर आला नाही तर जायचं कुणाकडे? क्षेत्रीय कार्यालयात गेलं की अर्ज द्या, बघतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या असं सांगितलं आणि ऑगस्टमध्ये प्रारूप प्रभाग रचना आली, म्हणजे प्रभागांचा कच्चा नकाशा, ज्यावर लोकांना हरकत घेता येते, तेव्हा मी ठरवलं की हा नकाशा बघायचाच, घरात बसून चिडचिड करून काही होत नाही.

नकाशा पीडीएफमध्ये होता, मोबाईलवर मोठा केला की अक्षरं फाटायची, म्हणून कार्यालयात भिंतीवर लावलेला जाऊन बघितला. नकाशापेक्षा त्याच्याबरोबरचं वर्णन वाचा, हे मी प्रत्येकाला सांगते. त्यात प्रभागाची उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम हद्द शब्दात दिलेली असते, अमुक नाल्याने दक्षिणेकडे अमुक रस्त्यापर्यंत, तिथून पश्चिमेस असं. आमच्या प्रभागाची पूर्व हद्द नाल्यावरून सरळ येत होती आणि गावाच्या वरच्या अंगाला अचानक नाला सोडून एका गल्लीत शिरत होती, गावठाणाच्या मधून जाऊन पुन्हा खाली नाल्याला मिळत होती. म्हणजे मारुतीच्या देवळाची एक बाजू एका प्रभागात आणि समोरची आळी दुसऱ्या प्रभागात. आणि आमच्या सोसायट्या हायवेपलीकडच्या जुन्या वसाहतीला जोडलेल्या, जिथे जायला आम्हाला मोठा वळसा पडतो.

याने काय एवढं बिघडतं असं सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, तर ते थोडं समजून घ्यायला लागतं. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक, पण बाकी ठिकाणी साधारण चार सदस्यांचा प्रभाग असतो. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक मतदाराने चार मतं द्यायची आणि प्रत्येक जागेवर अख्ख्या प्रभागात ज्याला जास्त मतं तो आला. आता त्या प्रभागात जुन्या वसाहतीचे मतदार निम्म्याहून जास्त असले आणि त्यांनी ठरवलं तर चारही नगरसेवक त्यांचेच होऊ शकतात, गावातला एकही येत नाही. गाव दोन प्रभागात कापलं तर दोन्हीकडे थोडी थोडी मतं, दोन्हीकडे शून्य. गाव एकत्र राहिलं आणि शेजारची, आपल्यासारखेच प्रश्न असलेली गावं बरोबर आली तर निदान एखादी तरी जागा हातात येते. मला यात गाववाले विरुद्ध शहरवाले असं काही म्हणायचं नाहीये, जुन्या वसाहतीला पाणी, रस्ते, ड्रेनेज सगळं मिळून झालंय, आमच्याकडे अजून पाइपलाइन यायचीय, सभागृहात ते मांडणारा माणूस लागतोच ना.

आता लोकसंख्येचं. किती नगरसेवक हे कायद्यात लोकसंख्येवर ठरलेलं आहे. समजा शहर १० लाखांचं आहे. ६ लाखांपर्यंत ८५ आणि त्यापुढे दर २० हजारांमागे एक, म्हणजे १०५ नगरसेवक. एका नगरसेवकामागे साधारण ९,५०० लोक, चारच्या प्रभागात ३८ हजार, आणि त्यात १० टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे अंदाजे ३४ हजार ते ४२ हजार. हिशोब सरळ आहे, अडचण एकच की हे सगळे आकडे २०११ च्या जनगणनेचे, कारण २०२१ ची झालीच नाही. मी इथे फ्लॅट घेतला २०१४ ला. आमची सोसायटी तेव्हा बांधून होत होती, शेजारचे दोन मोठे प्रोजेक्ट तर नंतरचे. म्हणजे २०११ च्या हिशोबात आम्ही इथे नाहीच, आमच्या जागी शेत आहे. शहर वाढतं ते कडेला, आणि कडेचीच माणसं मोजणीत नाहीत, त्यामुळे कागदावर सारखे दिसणारे दोन प्रभाग प्रत्यक्षात अजिबात सारखे नसतात. याचा मला आजही राग येतो.

हरकतीच्या अर्जाचा पहिला मसुदा मी यावरच लिहिला होता, आमची खरी लोकसंख्या धरा म्हणून. आमच्या गावचे माजी सरपंच, त्यांना सगळे तात्याच म्हणतात, त्यांना दाखवायला गेले. त्यांनी वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ताई, हे सगळं खरंय, पण त्यांना २०११ चीच धरायला सांगितलीय. या मुद्द्यावर तो अधिकारी मनात असूनही काही करू शकणार नाही. त्यांच्या नियमातलं काय मोडलंय ते शोधा."

मग आम्ही शासनाचा आदेश काढून बसलो. रचना उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवायची, हद्दी शक्यतो नदी, नाले, मोठे रस्ते, रेल्वे लाइन अशा नैसर्गिक आणि ठळक खुणांवरून घ्यायच्या, आणि प्रगणक गट फोडायचा नाही. प्रगणक गट म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला दिलेला भाग, साधारण ६००-८०० लोकांचा, प्रभाग हे गट जोडूनच बनवतात. आमच्या गल्लीतली हद्द नाला सोडत होती, हा पहिला मुद्दा मिळाला. निवडणूक विभागात विचारून गटांचे नकाशे बघितले तर ती गल्ली एका गटाच्या मधूनच जात होती, हा दुसरा. तात्या आणि मी गाडीवरून ती अख्खी हद्द फिरलो, जिथे हद्द नाला सोडते तिथे उभं राहून फोटो काढले, नाला, गल्ली, देऊळ सगळं एका फोटोत येईल असे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पर्याय मांडण्यात, आणि मला वाटतं काम झालं ते त्यानेच. नुसतं आमचं गाव तिकडे घ्या म्हटलं की ऑफिसवाले म्हणतात, मग तो प्रभाग जास्त होतो आणि हा कमी पडतो. म्हणून आम्ही कुठले गट इकडून तिकडे न्यायचे, त्या बदल्यात कुठले परत द्यायचे आणि त्यानंतर दोन्ही प्रभाग १० टक्क्यांच्या आत कसे बसतात याचा तक्ताच जोडला. अर्ज एक पानाचा, मुद्दे तीन: हद्द नाल्यावरून घ्या, गट फोडू नका, आणि शेजारची दोन्ही गावं आमच्याबरोबर द्या. मुदतीच्या आत दिला आणि पोच घेतली, शिक्का, तारीख, आवक नंबर सगळं बघून. गावातून सह्यांचा गठ्ठाही जोडला पण खरं सांगायचं तर एकच मजकूर कितीही जणांनी दिला तरी मुद्दा एकच राहतो, सह्यांपेक्षा तक्ता महत्त्वाचा.

सुनावणीला हॉल भरलेला, इच्छुक उमेदवार, कार्यकर्ते, बरेच जण एकमेकांच्याच हरकतींवर भांडत होते. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. मी लोकसंख्येचा विषय काढलाच नाही, थेट फोटो आणि नकाशा टेबलावर ठेवला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो बघितला, मग नकाशा बघितला, मग शेजारी बसलेल्या महापालिकेच्या माणसाला विचारलं, "नाला पुढे आहे ना? मग इथे हद्द का वळवली?" तो फाइल चाळायला लागला, उत्तर काही आलं नाही. साहेबांनी तक्ता मागितला आणि स्वतः बेरीज करून बघितली. तात्या मागून हळूच म्हणाले, "बास ताई, आता जास्त बोलू नका." मी गप्प बसले.

अंतिम रचना आली तेव्हा हद्द नाल्यावरून होती. गावठाण एका प्रभागात, आमच्या सोसायट्यांसकट. शेजारच्या दोनपैकी एक गाव आलं, दुसरं नाही आलं, ते अजूनही हायवेपलीकडच्या वसाहतीला जोडलेलं आहे आणि तिथल्या लोकांचं वाईट वाटतं, त्यांचा मुद्दा आमच्याइतकाच खरा होता पण त्यांच्याकडे नाला नव्हता.

इतकं होऊन थांबता येत नाही हे पण सांगते. प्रारूप मतदार यादी आली तर आमच्या दोन बिल्डिंगची नावं शेजारच्या प्रभागात. हद्द बरोबर, यादी चुकीची. परत अर्ज, परत पोच, सोबत अंतिम नकाशाची प्रत आणि लाइट बिलं. ते मुदतीत दुरुस्त झालं. यादी बघितलीच नाही असे कितीतरी लोक मतदानाच्या दिवशी, १५ जानेवारी २०२६ ला, आपलं केंद्र शोधत फिरताना मी बघितले.

आता डोळ्यासमोर आहे ती २०२७ ची जनगणना, आधी घरांची नोंद आणि मग माणसांची. पुढची प्रभाग रचना त्या आकड्यांवर व्हावी ही आमची मागणी आहे, म्हणून एकही बिल्डिंग सुटू नये यासाठी सोसायट्यांचा ग्रुप केलाय. तात्यांनी वाड्या-वस्त्यांची यादी करायला घेतलीय, डोंगराकडेची भाडेकरूंची घरं पण त्यात आहेत, कारण तीच पहिली राहून जातात. शेजारच्या त्या दुसऱ्या गावातली पोरं आमची फाइल झेरॉक्स करून घेऊन गेली.