पाचवी कोण

शुक्रवार, रात्री उशिरा

शाळेच्या मुलींचा बास्केटबॉल संघ जाहीर करून घरी आलो, जेवलो, पिशवीत चेंडू, क्रेप बँडेज, स्प्रे, ओळखपत्रे आणि जन्मदाखल्यांच्या प्रती भरून झाल्या, तरीही अकरा नंबरचे ते एक वाक्य कानातून जात नाही. उद्याच्या बाद फेरीच्या सामन्यात सात नंबरच्या जागी पंधरा नंबर सुरुवात करील असे मी सांगितले, त्यामागची कारणे सांगितली, पार अमेरिकेपर्यंत जाऊन उदाहरणे दिली, ते सगळे तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं सर. उद्या डबा आणायचा, की तिकडेच जेवायचं?"

मी वेगळ्याच तयारीत होतो. ती रडेल, किंवा मान खाली घालून पायाने मैदानावरची खडी सारत बसेल, किंवा रात्री तिच्या वडिलांचा फोन येईल आणि "सर, आमच्या पोरीचं काय चुकलं?" असे ते विचारतील, या प्रत्येकाला द्यायचे उत्तर मी सायकलवरून येतानाच मनात जुळवून ठेवले होते. डब्याच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. "आणा सगळ्यांनी," एवढेच म्हणालो आणि शिट्टी वाजवली, जिचे त्या वेळी काहीही काम नव्हते.

सात नंबरचा घोटा रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळून आलेला चेंडू, घेऊन खाली येताना गेला. पडत्या पावलाखाली दुसरीचे पाऊल आले, आणि या खेळात घोटे बहुधा असेच जातात. सूज अजून उतरलेली नाही. "सर, मी शे ना," असे ती अहिराणीत पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही मोह झाला. जखमी कप्तान लंगडत मैदानात येतो आणि सामना फिरतो, ही गोष्ट बास्केटबॉलमध्ये फार लाडकी आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेच्या 1970 च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात न्यूयॉर्कचा विलिस रीड मांडीचा स्नायू फाटलेला असताना उतरला आणि त्याचा संघ विजेता झाला, हे सगळे सांगतात. त्या सामन्यात रीडचे गुण चार होते आणि त्याचा सहकारी वॉल्ट फ्रेझरचे छत्तीस, हे सांगायला मात्र बहुतेक जण विसरतात. डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर मी तो विषय बंद केला. एका सामन्यासाठी पोरीचा घोटा पणाला लावण्याइतका हा खेळ मोठा नाही.

म्हणजे प्रश्न उरला तो सुरुवात करणाऱ्या पाच जणींतल्या पाचवीचा. मार्ग तीन होते. एक, चार नंबरला मागे आणून तिच्याकडेच चेंडू द्यायचा. उंच मुलगी चेंडू आणू लागली की समोरच्यांचा गोंधळ होतो, पण मग आमच्या टोपलीखाली उभे राहायला कोणी उरत नाही. दुसरा, अकरा नंबरला सुरुवात द्यायची. गेल्या दोन मोसमांत बाकावरून उठून येऊन तिने आमचे किती सामने सावरले आहेत ते गावाला माहीत आहे. तिसरा, पंधरा नंबर, आठवीतली, जिचा डावा हात अजून कच्चा आहे आणि जी पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाऊल करून ठेवते.

मी तिसरा निवडला, आणि आत्ता या क्षणीही तोच निवडीन. उद्या समोर असलेला नाशिकचा संघ पहिल्या मिनिटापासून मैदानभर प्रेस लावतो, म्हणजे चेंडू आणणारीला तिच्याच अर्ध्यात घेरतो. आठ सेकंदांत चेंडू मधली रेषा ओलांडून न्यायचा असतो, आणि दोघी अंगावर धावून आल्या की शहाणी मुलगी घाबरते. पंधरा नंबर घाबरत नाही, कारण घाबरण्यासारखे काही आहे हे तिला अजून समजलेलेच नाही. शिवाय अकरा नंबरला सुरुवात दिली तर पाचव्या-सहाव्या मिनिटाला, मुली धापा टाकू लागतात तेव्हा, बाकावरून उठवायचे कोणाला? एका बैलाचा पाय लचकला म्हणून शेजारच्या जोडीतला बैल सोडून आणला, तर दोन्ही जोड्या बिघडतात. (हा दृष्टान्त मुलींना सांगितला नाही. तेवढी अक्कल मला आहे.)

आणखी एक कारण आहे आणि ते मी मैदानावर उच्चारले नाही. अकरा नंबरची शेवटची एसटी. प्रेस कशी फोडायची, कोणी कुठे कापायचे, हे सगळे आम्ही सरावाच्या शेवटी घेतो, आणि तेव्हा ती पिशवी खांद्याला लावून स्टँडच्या वाटेवर असते. दिवाळीच्या आसपास तर कापूस वेचणीमुळे ती पूर्ण सरावालाही येऊ शकली नाही. यात तिचा काय दोष, आणि माझा तरी काय, आणि महामंडळाने गाडी उशिरा सोडावी असे कोणाला सांगायचे? ते असो.

अमेरिकेचे उदाहरण मी दिले ते आंद्रे इग्वोडालाचे. कारकिर्दीत खेळलेल्या प्रत्येक सामन्यात ज्याने सुरुवात केली होती, अशा खेळाडूला 2014 मध्ये गोल्डन स्टेट या एनबीए संघाचे नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी बाकावरून यायला सांगितले, आणि त्याने ते मानले. मुलींना मी एवढेच सांगून थांबलो. गोष्टीचा उत्तरार्ध असा, की त्याच मोसमाच्या अंतिम मालिकेत, 2015 मध्ये, संघ क्लीव्हलँडपुढे 2–1 असा मागे पडल्यावर कर यांनी चौथ्या सामन्याला उंच सेंटर अँड्र्यू बोगट याला बसवले आणि इग्वोडालाला उतरवले. निक युरेन नावाच्या एका साहाय्यकाने आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेचे व्हिडिओ पाहून ही कल्पना सुचवली होती. संघ सुरुवातीलाच 7–0 असा मागे पडला, तरी सामना 103–82 असा जिंकला, मालिका 4–2 अशी जिंकली, आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून इग्वोडालाचीच निवड झाली. म्हणजे पूर्ण गोष्ट माझ्या निर्णयाच्या बाजूने नाही, अकरा नंबरच्या बाजूने आहे. ती घरी जाऊन भावाच्या फोनवर हे शोधील की काय, अशी धास्ती मला सायंकाळपासून वाटते आहे. कर यांनी त्या सामन्याआधी पत्रकारांना आपण संघ बदलणार नाही असे सांगितले होते आणि नंतर आपण खोटे बोललो हे कबूलही केले होते. त्यांना पत्रकारांशी खोटे बोलायचे होते. इथे रोज सकाळी प्रार्थनेला समोर उभ्या राहणाऱ्या मुली आहेत.

पुन्हा त्याच वाक्याकडे येतो. ते बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या बुटाच्या नाडीच्या टोकाचे प्लास्टिक केव्हाच निघून गेले आहे. सुटलेले धागे थुंकी लावून ती बोटांनी पिळत होती, टोकदार करून भोकात घालत होती, ते पुन्हा फिसकटत होते, ती पुन्हा पिळत होती. हे ती रोजच करते. म्हणून त्यावरून आजचे काही ठरवता येत नाही. आवाजही रोजचाच होता. तिला खरोखरच काही वाटले नसेल का? की वाटलेले माझ्यापुढे दाखवायचे नाही, एवढा निर्णय तिने माझ्या भाषणाच्या अर्ध्यातच घेऊन टाकला होता? की तिला आधीपासून ठाऊक होते, आणि ठाऊक असलेली गोष्ट मी इतका वेळ लावून सांगतो आहे याचाच तिला कंटाळा आला होता? तिसरी शक्यता मला सर्वांत जास्त बोचते, आणि तीच खरी असावी असेही वाटते.

या सगळ्यात माझी बाजू कोण पाहतो? निर्णय बरोबर ठरला तर तो मुलींचा विजय, आणि तो तसाच असावा. चुकीचा ठरला तर सोमवारी शिक्षकांच्या खोलीत ज्यांना ड्रिबल आणि डबल ड्रिबल यांतला फरक माहीत नाही तेही मला सांगतील की दहावीची मुलगी सोडून आठवीची उतरवली तेव्हाच आम्ही म्हटले होते. प्रवासखर्चाचा अर्ज अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे. रिंगची जाळी मी स्वतः विकत आणून बांधली आहे. मी बाकावर बसलो होतो ती वर्षे, म्हणजे, तो विषय आज नको. पण एक मुलगी आपल्याला दुखावून घेऊ देत नाही, याचेही दुःख होते हे मला आजवर ठाऊक नव्हते.

एवढे लिहून झाले तेव्हा ही पाणी ठेवायला आली. चेहरा पाहून तिने विचारले, मी सांगितले. तिने विचार करायला क्षणही घेतला नाही. "म्हणजे तिनं रडायला हवं होतं का तुम्हाला?"

हो, बहुधा हवे होते. थोडेसे तरी. ती रडली असती तर मी समजूत घातली असती, "तुझ्याशिवाय सामना संपत नाही" असे म्हणालो असतो, तिने डोळे पुसले असते आणि मी हलका होऊन घरी येऊन घोरत पडलो असतो. पोरीने माझी ही सोय केली नाही, एवढेच झाले आहे. आणि तिचा डब्याचा प्रश्न रास्त होता. पहाटेच्या गाडीने निघायचे, मनमाड येईपर्यंत कोणाच्या पोटात काही नसते, सामना दुपारी. मैदानापाशी पोळीभाजी मिळते की नाही हे मुख्य प्रशिक्षकाने सांगायला हवे होते, आणि मुख्य प्रशिक्षक इग्वोडाला सांगत होता. तिच्या आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा गेल्या वर्षी धुळ्याला सगळ्या संघाने खाल्ला होता, पंचांपैकी एकाने मागून घेतला होता, आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो. संघनिवडीच्या बैठकीत डबा हा विषय दुय्यम आहे असे मला आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

सुरुवात कोण करते याला आपण फार मान देतो, असेही मी स्वतःला समजावून पाहिले. चेंडू थांबला की बदली करता येते, हव्या तितक्या वेळा करता येते. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आहेत. अकरा नंबर त्यांतला मोठा भाग खेळेल आणि शेवटची दोन मिनिटे तर नक्कीच मैदानात असेल. बाकावरचा सहावा खेळाडू ही शिक्षा नसून युक्ती आहे हे बोस्टनचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी 1950 च्या दशकातच फ्रँक रॅमसीला तसे वापरून दाखवले होते, आणि एनबीएमध्ये सहाव्यासाठी वेगळा पुरस्कारही 1982–83 पासून आहे. प्रमाणपत्रावर पहिल्या पाचांत कोण होते हे छापत नाहीत. दहावीच्या क्रीडा गुणांसाठीही ते कोणी विचारत नाही.

सगळे पटले, फक्त एका गोष्टीपाशी अडलो. जम्प बॉल, म्हणजे मधल्या वर्तुळात पंच चेंडू वर उडवतो आणि दोन्ही संघांतली एकेक जण त्यासाठी उडी मारते तो क्षण. आपल्याकडे ज्या नियमांनी खेळतात त्यांत जम्प बॉल सामन्यात एकदाच होतो, अगदी सुरुवातीला. पुढे चेंडू अडकला की पंचांच्या टेबलावरच्या बाणाप्रमाणे आळीपाळीने ताबा दिला जातो. म्हणजे जी सुरुवात करत नाही ती मधल्या वर्तुळाभोवती कधीच उभी राहत नाही. अकरा नंबर इतके सामने खेळली, जिंकून दिले, आणि अधिकृत सामन्यात ती त्या वर्तुळाशी एकदाही उभी राहिलेली नाही. पुढच्या वर्षी ती आमच्याकडे नसेल. उद्या सामन्याच्या दहा मिनिटे आधी गुणपत्रकावर मला पाच नावांपुढे फुली मारून सही करायची आहे. शाळेत आम्ही चुकीच्या उत्तरावर फुली मारतो. इथे जी उतरते तिच्यापुढे मारतात. त्या दहा मिनिटांपूर्वी मन बदलता येते हे मला माहीत आहे, आणि मी बदलणार नाही हेही माहीत आहे. आठ सेकंद, प्रेस, पहिली पाच मिनिटे: हिशोब तोच निघतो, कितीही वेळा मांडला तरी.

आत्ताच पंधरा नंबरचा ग्रुपवर संदेश आला, वडिलांच्या फोनवरून. तिला झोप येत नसावी. "सर, जम्प बॉलला मी कुठे उभी राहू?" हा प्रश्न तिला याआधी पडायचे कारणच नव्हते. मी चष्मा लावून, कागदावर वर्तुळ काढून, कोणाच्या डाव्या हाताला आणि कोणाच्या उजव्या हे नीट ठरवून लिहायला घेतले. तोवर खाली अकरा नंबरचे उत्तर येऊन पडले होते. "आपल्या टोपलीकडच्या बाजूला, वर्तुळाच्या बाहेर. चार नंबरचा हात चेंडूला लागेपर्यंत आत पाय टाकू नको. चेंडू तुझ्याकडेच येईल, उभी राहून बघत बसू नको. आणि नखं काप, पंच बघतात."

माझ्या कागदावरचे वर्तुळ याहून वेगळे काही सांगत नव्हते. तरी सर असल्यामुळे मी खाली "बरोबर" असे लिहिले.