रोममधला हनिमूनचा पहिला दिवस: बुकिंग काहीच नको, तयारी मात्र घरूनच

रोमला उतरल्या दिवशीच कोलोसियमची तिकिटं काढून ठेवणं ही नव्या जोडप्यांना सगळ्यात महागात पडणारी घाई. ते तिकीट नावानिशी निघतं, आत जायची वेळ त्यावर छापलेली असते. विमानाला तीन तास उशीर झाला की पैसे गेले. त्यात हळद, लग्न, सत्यनारायण, जागरण-गोंधळ, तुळजापूरचं दर्शन एवढी दगदग अंगात मुरलेली असते. म्हणून पहिल्या दिवशी वेळेला बांधलेलं काहीही नको. संध्याकाळची एक चक्कर, जेवण आणि झोप, एवढंच. कोलोसियम दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. लग्न आणि विमान यांच्यात चार-पाच दिवस मोकळे ठेवता आले तर फारच बरं.

आता मेंदीचं. इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात, मुंबईत किंवा पुण्यात स्वतः जाऊन. रोमच्या विमानतळावर हेच ठसे पुन्हा ताडून पाहतात आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. हल्ली नवरीच्या बोटांची टोकं मेंदीने गच्च भरायची पद्धत आहे. त्या जाड थरामुळे ठशाच्या रेषा यंत्राला नीट उमटून दिसत नाहीत, मग बोटं पुसा, पुन्हा ठेवा, बाजूला थांबा, असं सुरू होतं. यावर उपाय सोपा आहे. मेंदीवालीला आधीच सांगा की बोटांच्या वरच्या पेरांचा आतला भाग कोरा सोड. तळवा, मनगट, कोपरापर्यंत हवी तेवढी काढू दे. व्हिसाचे ठसे तर लग्नाच्या बरेच आधी देऊन टाका. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण 15 दिवस आणि कधी 45 दिवसही लागतात, आणि लगीनसराई व उन्हाळी सुट्टी एकत्र आली की भेटीची वेळच लवकर मिळत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण पासपोर्टवर वडिलांचंच नाव असतं. तिकीट, व्हिसा, विमा, हॉटेल, सगळं पासपोर्टप्रमाणेच काढा, पत्रिकेप्रमाणे नाही. नाव बदलायची घाई हनिमूनच्या आधी करू नका. व्हिसा जुन्या पासपोर्टवर आणि तिकीट नव्या नावाने, असा घोळ काउंटरवर निस्तरता येत नाही. विमा किमान 30,000 युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. हॉटेल घेताना एक मोठा पलंग असलेली खोली निवडा. ‘ट्विन’ लिहिलेली खोली घेतली तर दोन वेगळे पलंग मिळतात, आणि भरलेल्या हॉटेलात ऐनवेळी ते बदलून मिळतीलच असं नाही.

बॅगेत शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, येसर, भाजणी खुशाल न्या. पेढे, खवा, तूप, पनीर मात्र नको. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. फळांनाही रोगमुक्तीचा दाखला लागतो, त्यामुळे जालन्याची मोसंबी आणि केसर आंबा घरच्यांनाच खाऊ द्या. ठेचा मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत तो पातळ पदार्थात मोजतात आणि 100 मिलीच्या वरची बाटली तिथेच काढून घेतात. जड सोनं लॉकरमध्ये ठेवा, लहान मंगळसूत्र पुरे. आणि दोघांच्याही कार्डांवर बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय चालू करा. नवं कार्ड घेतलं की या सोयी बंदच असतात, आणि हे आठवतं ते नेमकं स्टेशनवर.

फ्युमिचिनो विमानतळावरून शहरात यायला लिओनार्दो एक्सप्रेस सगळ्यात सुटसुटीत. माणशी 14 युरो, 32 मिनिटांत थेट तेर्मिनी स्टेशन. कागदी तिकीट घेतलं असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. सामान फार असेल तर स्टँडवरची पांढरी टॅक्सी करा. जुन्या तटाच्या आतल्या भागापर्यंत तिचं भाडं ठरलेलं आहे: सामानासकट 55 युरो. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. शहरातल्या बस-मेट्रोचं तिकीट दीड युरो, 100 मिनिटं चालतं. कार्ड टॅप करूनही जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. दोघांनी दोन कार्डं वापरा.

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते, सामान मात्र आधी ठेवून घेतात. तिथेच शहर कर मागतात; ऑनलाइन भरलेल्या पैशांत तो सहसा नसतो. तीन तारांकित हॉटेलला माणशी रात्री 6 युरो, म्हणजे दोघांचे चार रात्रींचे 48. ही फसवणूक नाही, पालिकेचा कर आहे. आंघोळ करा, हवं तर गजर लावून अर्धा तास पडा. त्याहून जास्त झोपलात तर संध्याकाळ हातची गेली. उन्हाळ्यात रोम आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे रात्री नऊलाच शरीर मध्यरात्र झाल्यासारखं पेंगतं आणि पहाटे चारला डोळे टक्क उघडतात.

चक्कर अशी मारा. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोपोलो चौकात पोचा, पायऱ्यांनी पिंचोच्या गच्चीवर चढा. समोर सगळं शहर आणि लांबवर सेंट पीटर चर्चचा घुमट. चढ इथेच संपला. पुढे सपाटी आणि उतार. झाडांच्या रस्त्याने स्पॅनिश पायऱ्यांच्या माथ्यावर या. खाली उतरा, पण पायऱ्यांवर बसू नका. 2019 पासून बसायला बंदी आहे आणि दंड शेकड्यांत आहे. तिथून त्रेवी कारंजं दहा मिनिटांवर.

त्रेवीचं पाणी संभाजीनगरच्या माणसाला जास्त भावेल. इ.स.पू. 19 मध्ये रोमन सेनापती आग्रिप्पाने बांधलेला कालवा सुमारे 20 किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून, शहरात येतो. मलिक अंबरच्या तिथल्या जमिनीखालच्या नहरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातलं कसब वेगळं सांगायला नको. कारंजं 1762 चं. 2026 च्या फेब्रुवारीपासून दिवसा अगदी कठड्यापाशी उतरायला पर्यटकांना 2 युरो पडतात. वरच्या बाजूने पाहणं फुकट. नाणं उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून टाकतात, ते पैसे गरिबांसाठीच्या कामाला जातात.

पुढे पँथिऑन, जुनं रोमन मंदिर. संध्याकाळी सातला बंद होतं, म्हणून त्या दिवशी बाहेरूनच बघा आणि तिकीट दुसऱ्या दिवशी काढा. 43.3 मीटर व्यासाचा, सळई नसलेला काँक्रीटचा घुमट, वर मधोमध उघडं भोक. वेरूळला डोंगर वरून खाली कोरत आणला, इथे खालून वर ओतत नेलं, माथ्याकडे जाताना हलका दगड वापरून. हे घाईत बघायचं काम नाही. शेवट नवोना चौकात. 1651 च्या कारंज्यावर चार खंडांच्या चार नद्या बसवल्या आहेत, त्यात हातात वल्हं घेतलेली आपली गंगाही आहे.

सगळं मिळून तीनेक किलोमीटर, पण रस्ते काळ्या ज्वालामुखी दगडाच्या छोट्या ठोकळ्यांचे. फटीत हील अडकते, घोटा मुरगळतो, ट्रॉलीची चाकंही निखळतात. फोटोपुरत्या चपला पिशवीत ठेवा आणि पायात बूट घाला. पाणी विकत घेऊ नका. शहरभर सुमारे 2,500 लोखंडी नळ अखंड वाहतात, पाणी गार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड खालून बोटाने दाबलं की वरच्या बारीक छिद्रातून धार उडते, ओंजळ न करता पिता येतं.

हनिमूनच्या जोडप्यांवर गुलाबवाल्यांचा डोळा असतो. नवरीच्या हातात फूल देतात, ‘गिफ्ट’ म्हणतात आणि मग नवरदेवाकडे पैसे मागतात. हातात घेऊच नका, मान हलवून चालत राहा.

जेवण साडेसातच्या आधी बऱ्याच ठिकाणी सुरू होत नाही. शाकाहारी असाल तर कार्बोनारा आणि आमात्रिचाना हे पास्ते टाळा, दोन्हींत डुकराचं मांस असतं. सुप्लीच्या भाताच्या वड्यातही कधी मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्या. चीजसाठी दूध गोठवायला रेनेट लागतं: पेकोरिनोला सहसा कोकराच्या पोटातलं, पार्मेझानला वासराच्या. कट्टर पाळणाऱ्यांनी पिझ्झा मारिनारा मागवावा, टोमॅटो-लसणाचा, बिनचीजचा. बिलात पावाचे एक-दोन युरो लावतात, टीप सक्तीची नाही. कार्डयंत्राने रुपये की युरो विचारलं तर युरोच दाबा, रुपयांचा दर महाग पडतो.

सासरी-माहेरी फोन मात्र चक्करीला निघण्याआधीच करा. तुमचे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, आणि फोन आला नाही तर आई जागीच बसते.