आमची वाटचाल : सहा फायलींचा ड्रायव्हर

नवा गिऱ्हाईक आला की ड्रायव्हरबद्दल, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटरला एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, हमखास एक प्रश्न येतो. तुमच्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये माहितीच्या फक्त सहाच फायली कशा? दुसऱ्यांचे ड्रायव्हर तर चाळीस-पन्नास गोष्टी दाखवतात. पूर्वी मी समजावत बसायचो. आता सरळ विचारतो, त्या चाळीसमधल्या किती वाचता? उत्तर येत नाही. मग चहा येतो, आणि ऑर्डर कधी येते, कधी येत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, जाम चौरस्त्यापासून आत आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि वर टिनाचं छत. जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्यांसाठी, आम्ही कार्ड बनवतो. कार्डाला वजनकाट्याचे लोड सेल, म्हणजे वजन टिपणारे सेन्सर, आणि कापसाचा ओलावा मोजणारा प्रोब जोडायचा, ते काट्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला लावायचं. आधी मशीनच्या आत बसणारं पीसीआय होतं, आता बाहेरून वायरनं लागणारं यूएसबी आहे. कार्ड दिसायला साधं आहे. आमचा जीव आहे तो त्याच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये.

सुरुवात केली तेव्हा लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, 2.6 चं होतं आणि गावात लोडशेडिंग. वीज असायची रात्री, म्हणून कोडही रात्रीच लिहिला जायचा. माझा भागीदार माझा मावसभाऊ, सगळे त्याला दादाच म्हणतात. दादा मूळचा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला. हिंगणघाटात त्याची टपरी होती. सोल्डरिंग असं करायचा की कंपनीचं वाटावं. सी भाषा तो माझ्याकडून शिकला आणि वर्षभरात माझ्याच चुका काढायला लागला.

ड्रायव्हर कसा लिहावा याचा आमचा पहिला नियम दादाच्या आलेख-वहीतून आला. माहिती देणारं आयऑक्टल, म्हणजे प्रोग्रॅमनं नंबर देऊन ड्रायव्हरला सांगायचं काम, करायचं ठरलं की दादा आधी वही उघडायचा. एक चौकोन म्हणजे एक बाइट. स्ट्रक्चरमधला, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातला, प्रत्येक सदस्य पेन्सिलनं भरायचा आणि जे चौकोन रिकामे राहतील ते लाल शाईनं रंगवायचा. आधी एक बाइटचा चॅनल नंबर, पुढे 64 बिटचा काउंटर, असं मी लिहून आणलं की 64 बिट मशीनवर मध्ये सात चौकोन लाल व्हायचे. ते सात बाइट कम्पायलर आपल्या मनानं सोडतो. त्यात कर्नल स्टॅकवरचं मागचं उष्टं पडलेलं असतं, आणि कॉपी टू युजर, म्हणजे कर्नलमधून प्रोग्रॅमकडे नक्कल, केली की ते जसंच्या तसं बाहेर. तेच स्ट्रक्चर 32 बिट एक्स86 वर बारा बाइटचं होतं, 64 वर सोळाचं. आकार बदलला की आयऑक्टलचा नंबर बदलतो, कारण आकार नंबरातच कोरलेला असतो. मग जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर ईनॉटटीवाय, म्हणजे 'असलं आयऑक्टल नाही' ही चूक, खाऊन बसतो.

दादाचा नियम असा, की वहीत एकही लाल चौकोन राहता कामा नये. मोठे सदस्य आधी, लहान नंतर, उरलेली जागा नाव देऊन राखीव. त्यावर आधी मेमसेट, म्हणजे सगळी जागा शून्य करणं, मग भरणं. नुसतं कंसात शून्य लिहून इनिशियलाइझ केलं तर सदस्य शून्य होतात, मधल्या फटी होतीलच असं नाही. हे भल्याभल्यांना पटत नाही. आजकाल पाहोल नावाचं हत्यार एका कमांडमध्ये सगळ्या फटी दाखवतं. आम्हीही तेच वापरतो, पण दादाची वही मी टाकलेली नाही. नव्या पोराला पहिला आठवडा वहीच देतो, पाहोल नंतर.

राखीव जागेबद्दलही सांगून ठेवतो, कुणी विचारलं नसलं तरी. युजरकडून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमकडून, येताना राखीव सदस्य शून्य नसेल तर ईइनव्हॅल, म्हणजे 'किंमत चुकीची' असं उत्तर, द्या आणि परत पाठवा. आज चालवून घेतलंत तर उद्या ती जागा वापरता येणार नाही, कारण कुणीतरी तिथे कचरा भरून पाठवत असेल आणि त्याचा प्रोग्रॅम मोडला की फोन तुम्हालाच येईल. स्ट्रक्चर वाढवायचं असेल तर आकार सोबत घ्या. 5.4 पासून आकार तपासून स्ट्रक्चर आत घेणारं कॉपी स्ट्रक्ट फ्रॉम युजर कर्नलमध्ये तयार आहे, ते वापरा. घरचं डोकं लावू नका.

तर सहा फायली. मॉडेल, फर्मवेअर, चॅनलांची संख्या, स्थिती, कॅलिब्रेशन काउंटर आणि सिरीयल नंबर. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आतली माहिती फायलींच्या रूपात दाखवतं तिथे, एका फायलीत एक किंमत. पहिल्या पाच सगळ्यांना वाचता येतात, सिरीयल नंबर 0400, म्हणजे फक्त रूटला, मशीनच्या मुख्य मालकाला. कर्नल स्वतः मदरबोर्डाचा सिरीयल नंबर असाच ठेवतं, आम्ही काही जगावेगळं केलं नाही. कॅलिब्रेशनचे, म्हणजे काटा बरोबर मोजावा म्हणून ठरवलेले, आकडे आणि ते बदलायचा गुप्त कोड आतून बाहेर यायला वाटच ठेवलेली नाही. बाहेर येतो तो फक्त काउंटर. कॅलिब्रेशन बदललं की तो एकानं वाढतो, मागे कधीच जात नाही. हा काउंटर दादाचा हट्ट. मी म्हणालो होतो, कोण बघणार आहे? तो म्हणाला, "कोणी नाही बघत तं नाही बघू दे. लिहून ठेव."

पहिली काही वर्षं बरी गेली. मग शहरातल्या एका मोठ्या वजनकाटा कंपनीनं आमची कार्डं घ्यायची ठरवली. आम्ही कर्ज काढलं, पीसीबीचा मोठा लॉट मागवला, दोन पोरं कामावर घेतली. अर्धा माल गेला. तेवढ्यात दुसरा एक कार्डवाला त्यांच्या दारात उभा राहिला. त्याच्या ब्रोशरवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, संपूर्ण माहिती एका कॉलमध्ये. खरेदीवाल्या साहेबांनी मला बोलावून ते ब्रोशर पुढे सरकवलं. तुमचं कार्ड हे का देत नाही?

मी त्याचा डेमो पाहिला. एक आयऑक्टल, आणि त्यातून ड्रायव्हरचं आतलं प्रायव्हेट स्ट्रक्चर उचलून जसंच्या तसं युजरच्या हातात. त्यात लॉक, आणि लिस्टचे पॉइंटर, डीएमएचा पत्ता, फंक्शन पॉइंटर असे मेमरीतले आतले पत्ते, सगळं. एका फंक्शनचा खरा पत्ता बाहेर गेला की केएएसएलआरची, म्हणजे कर्नल मेमरीत कुठे बसलंय ते लपवणाऱ्या युक्तीची, मेहनत पाण्यात, हे त्या साहेबांना मी कसं सांगणार? पण शेवटच्या ओळींमध्ये कॅलिब्रेशन बदलायचा कोडही होता, आणि डिव्हाइस नोडची, म्हणजे ज्या फायलीतून प्रोग्रॅम कार्डाशी बोलतो तिची, परवानगी 0666, कुणीही वाचावं-लिहावं अशी. हे मी सांगितलं. अगदी बोट ठेवून दाखवलं. त्यावर साहेब म्हणाले, "तुम्हाला जमत नाही म्हणून तुम्ही दुसऱ्याला नावं ठेवताय." उरलेली ऑर्डर त्याला गेली. आमचा अर्धा लॉट छताखाली पडून राहिला.

पुढच्याच हंगामात व्हायचं ते झालं. कापूस भरलेल्या गाड्या रांगेत, आणि एका जिनमध्ये शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की धर्मकाट्यावरचं वजन आणि इथलं वजन जुळत नाही. विदर्भात हे साधं प्रकरण नसतं. वर्षाचं पीक एकदाच काट्यावर चढतं. तक्रार वैधमापनकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, गेली. काट्यावरच्या ऑपरेटरनं त्या डेमो प्रोग्रॅमनंच कोड वाचला होता. त्याला ना रूट लागलं ना पासवर्ड.

त्या जिनमध्ये कार्ड त्या दुसऱ्याचं होतं, आमचं नव्हतं. पण शहरातल्या कंपनीनं सगळ्या कार्डवाल्यांची बिलं थांबवली. म्हणे, चौकशी होईपर्यंत. मी गेलो, पत्रं दिली, सोर्स कोड छापून टेबलावर ठेवला. तिथे तो वाचणारा कोणी नव्हता. त्याच टेबलावर तो दुसरा बसून सांगत होता की असे प्रश्न लिनक्समध्ये असतातच, सगळ्यांच्याच ड्रायव्हरमध्ये असतात. सगळ्यांच्याच! हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

त्या हिवाळ्यात दोन्ही पोरं गेली. त्यांना दोष देत नाही, पगार कुठून देणार होतो? कर्जाचा हप्ता थकला. दादानं ऑसिलोस्कोप विकला. एवढं झाल्यावर त्यानं नागपूरला नोकरी धरली. जाताना सोल्डरिंग स्टेशन मात्र माझ्याकडे ठेवून गेला.

आम्हाला तारलं ते हिंगणघाटच्या एका जिनवाल्या शेठजींनी. आमचं अगदी पहिलं पीसीआय कार्ड त्यांच्याकडे लागलेलं. त्यांच्याकडेही तो दुसरा ब्रोशर घेऊन गेला होता. शेठजींनी मला फोन केला तेव्हा मला वाटलं, हेही गेले. ते म्हणाले, "मले त्या माहितीचं काय लोणचं घालाचं हाय का? मले ओलावा दाखवा अन् वजन दाखवा. पण मले एक सांगा, माह्या काट्याचं कॅलिब्रेशन कोणी बदललं तं मले समजते का?"

मी गेलो आणि त्यांच्यासमोर काउंटरची फाइल उघडली. त्यांच्या मुनीमजींनी मुद्रांकनाची, म्हणजे काटा तपासून शिक्का मारल्याची, सर्टिफिकेटं काढली, पहिल्यापासूनची. एकेक ताडून पाहिलं. काउंटर आणि सर्टिफिकेटं जुळली. शेठजींनी तो कागद स्वतःच्या सहीनं बाजारपेठेतल्या इतर जिनवाल्यांना दाखवला आणि मला पुढच्या हंगामाचा ॲडव्हान्स दिवाळीआधीच दिला. पडून राहिलेला लॉट हिंगणघाट, वणी, पुलगावकडे एकेक करून निघाला. सोबत कुठलंही ब्रोशर नव्हतं.

म्हणून नव्या धंदेवाल्यांना सांगतो, एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर लॉट मागवू नका. आणि ॲडव्हान्स मागायला लाजू नका. कापसाचा धंदा करणारा माणूस ॲडव्हान्स काय असतो ते जाणतो.

नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. यूएसबी कार्ड आलं तेव्हा एक नवी कटकट समजली. केबिनमधला झाडू मारणारा वायर ओढतो, आणि प्रोग्रॅमनं फाइल उघडलेली असते. सिसएफएसच्या फायली काढताना कर्नल वाचणाऱ्यांसाठी थांबतं, पण कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे कार्डाची डिव्हाइस फाइल, उघडून बसलेल्याची मोजदाद ड्रायव्हरनंच ठेवायची. शेवटचा माणूस फाइल बंद करेपर्यंत स्ट्रक्चर मोकळं करायचं नाही, आणि मधल्या काळात कुणी काही विचारलं तर ईनोडेव्ह, म्हणजे 'डिव्हाइस नाही'. कर्नलमधलं केरेफ, म्हणजे मोजदाद ठेवणारं साधन, त्यासाठीच आहे. 2018 च्या जानेवारीत स्पेक्टरचं प्रकरण निघालं, म्हणजे प्रोसेसर अंदाजानं पुढचं काम करतो त्यातून माहिती गळण्याचं. युजरनं दिलेला चॅनल नंबर आम्ही मर्यादेत आहे का ते तपासत होतोच, त्यावर तो अंदाजही मर्यादेत ठेवणारं इंडेक्सचं नोस्पेक लावलं. सिसएफएसमध्ये मजकूर लिहायला एसप्रिंटएफ होतं, 5.10 मध्ये मजकूर जागेबाहेर जाऊ न देणारं सिसएफएस एमिट आलं, ते लावलं. फायली सहाच राहिल्या.

शेठजींचं जुनं मशीन शेवटी जळालं. वीज पडली होती. नवं 64 बिट मशीन आणलं. त्यांच्या मुलाला वाटत होतं, आता सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहून घ्यावा लागणार. मी जुन्या डिस्कवरून 32 बिटचा तोच प्रोग्रॅम उचलला, नव्या कर्नलवर ठेवला आणि चालवला. पुन्हा कम्पाइल नाही, काही नाही. पहिली गाडी काट्यावर आली, वजन आलं. मुलगा म्हणाला, "काका, एवढंच?" हो, एवढंच. त्या एवढ्यासाठी दादानं वहीतले चौकोन रंगवले होते. मी तेव्हाच नागपूरला फोन लावला आणि तो सगळा संवाद दादाला ऐकवला. तो म्हणाला, "मंग? चालणारच ना!" आणि फोन ठेवला.

त्या दुसऱ्याचा नवा ड्रायव्हर मध्यंतरी हातात आला. एका गिऱ्हाइकाकडे दोघांची कार्डं होती. मोड्यूल, म्हणजे तो ड्रायव्हर, कर्नलमध्ये चढवलं, सिसएफएसमध्ये पाहिलं. सगळं उचलून देणारं आयऑक्टल गायब. त्याजागी सहा फायली, परवानग्याही त्याच. आणि कॅलिब्रेशन काउंटरच्या फाइलचं नाव! आमच्या पहिल्या आवृत्तीत दादानं त्या नावात एक 'एल' जास्त घातला होता. गिऱ्हाइकांचे प्रोग्रॅम त्या नावावर चालतात, म्हणून आम्ही ते कधी दुरुस्त करू शकलो नाही, करणारही नाही. त्याच्या फाइलमध्येही तो जास्तीचा 'एल' होता. ब्रोशरवर आता छापलंय, सुरक्षित माहिती-रचना, आमच्या तज्ज्ञांनी विकसित केलेली.

मी कोर्टात जाणार नाही. वकिलाला पॅडिंग, म्हणजे ते लाल चौकोन, समजावण्यात माझं उरलेलं आयुष्य जाईल. त्या शहरातल्या कंपनीची चौकशी मात्र कागदावर अजून चालू आहे. आमचं अर्ध्या लॉटचं बिल तिथेच अडकलंय. दर मार्च महिन्यात मी स्मरणपत्र पाठवतो, सोबत चलनाची झेरॉक्स. साहेब तीनदा बदलले. नव्या साहेबांनी गेल्या खेपेला उलट विचारलं, तुमच्या कार्डाची संपूर्ण माहिती एका फाइलमध्ये पाठवता येईल का?