नऊ एकांचा वर्ग

या स्मरणिकेतील इतर मनोगतांत स्नेहसंमेलनाची नाटके आणि पावसाळ्यात गळणारी कौले येतीलच. मला मात्र फोंडा तालुक्यातील आपल्या या शाळेने पदरात टाकलेल्या एका सतरा अंकी संख्येविषयी लिहायचे आहे.

नववीत असताना, चतुर्थीच्या सुट्टीआधी, गणिताच्या सरांनी १११११११११ या संख्येचा वर्ग उभ्या मांडणीने करायला सांगितले. गुणायचे एकानेच असल्यामुळे पाढ्यांचा प्रश्न नव्हता. तीच ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहायची. बेरीज करू लागलो तेव्हा उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ आणि तेथून पुन्हा उतरत एक, असे होऊन उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांनी एक, दश, शत अशी अंकांच्या घरांना जी नावे दिली आहेत त्यांनुसार या संख्येचा डावीकडचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी येतो, म्हणजे परार्ध या शेवटच्या, अठराव्या घराच्या एकच घर अलीकडे.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणत. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनीच हर्षद हे नाव दिले. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि तिला ८१ ने भाग जातो, म्हणून ती हर्षदही ठरली.

खरी मेहनत अवयव पाडताना झाली. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातील शेवटचा अवयव मूळ आहे की नाही हे ठरवायला त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. सरांनी त्या बाकांवार वाटून दिल्या. २ आणि ५ ज्यांच्या वाट्याला आले त्यांचा आम्हांला फार हेवा वाटला. कोणाचाच भाग निःशेष गेला नाही, तेव्हा ३३३६६७ मूळ ठरली. वर्गसंख्येला त्यामुळे एकूण ४५ विभाजक मिळतात. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते, कारण वर्गमूळाला जोडीदार नसतो. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज त्या वर्गसंख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते, म्हणून ती परिपूर्ण (बेरीज संख्येइतकीच भरणारी) नव्हे, न्यून (बेरीज कमी पडणारी) संख्या.

पण माझ्या मते सरांचे सर्वांत चांगले काम म्हणजे त्यांनी दहा एकांचाही वर्ग करायला लावला. तेथे मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा शेजारच्या नवाला दहा करतो, तोही पुढे सरकतो, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन डाव्या बाजूचा आठ नाहीसा होतो. उलटसुलट सारखी वाचता येण्याचा गुण तर गेलाच, शिवाय अंकांची बेरीज ८२ झाली, आणि विषम संख्येला सम संख्येने भाग जाणे शक्य नसल्यामुळे हर्षदपणाही गेला; पूर्ण वर्ग तेवढी ती राहिली.